डोक्यावरचं टिंब

जानेवारीतली सकाळ. नळाचं पाणी हाताला चावत होतं आणि खिडकीबाहेर कसबा पेठेतल्या पत्र्यांवरून दव ठिबकत होतं. दशरथ रामटेकेने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि फळा डाव्या कोपऱ्यापासून पुसायला घेतला. कोरडं डस्टर मारलं की खडूची धूळ दिव्यांच्या झोतात तरंगत राहते आणि कॅमेऱ्याला नेमकी तीच दिसते. म्हणून ओलं फडकं. रोज, बोटं बधिर होईस्तोवर.

घाई असायची ती तांबटांमुळे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती असल्या परीक्षांचा हा क्लास दुसऱ्या मजल्यावर, आणि तांबट आळी हाकेच्या अंतरावर. तिथे हातोडे सुरू झाले की शिकवणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यात ठण्‌ ठण्‌ घुसायचं. म्हणून तांबट चहा पिऊन मांडी घालायच्या आत एक धडा कॅमेऱ्यात उतरवून घ्यायचा, अशी पद्धत पडली होती. दशरथला खरं तर तो आवाज आवडायचा. तो भंडाऱ्याकडचा. बापाचा जन्म पितळेची भांडी घासून चकाकवण्यात गेलेला, त्यामुळे ठोक्यांत त्याला घर ऐकू यायचं. पण घर ऐकायला त्याला कुणी ठेवलेलं नव्हतं.

ठेवलं होतं व्हिडिओ दाबायला. धड्याचं चित्रीकरण एवढं अवजड असतं, की जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं तर गावाकडच्या पोराला ते दिसेपर्यंत परीक्षा होऊन निकालही लागेल. ते दाबून, चेपून लहान करावं लागतं. हे गावी समजावणं अवघड. तिकडे कुणी विचारलं, "दशरथ पुन्याले काय करते?" तर आई सांगायची, "आयटीत हाये." त्याने ते कधी खोडलं नाही. नागपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तो पुण्याला आला, तेव्हा हडपसरच्या उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातल्या एका इमारतीत तो एकदा शिरला होता, मुलाखतीला. "कळवतो," म्हणाले. अजून कळवतायत. मग हडपसरच्याच एका दुकानात त्याने लोकांची लग्नं कॅसेटमधून काढून सीडीत घातली. कॅसेटा संपल्या, दुकान संपलं, आणि तो कसब्यातल्या या क्लासात आला. बस मात्र रोज त्याच काचांसमोरून यायची.

आज फळा पुसताना त्याचा हात नेहमीसारखा चालत नव्हता. आज सुशीलाबाई येणार होत्या, आणि त्याला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती दिवाळीनंतरच सांगायला हवी होती.

सुशीलाबाई जगताप म्हणजे क्लासचा मराठीचा विषय. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शुद्धलेखनाला असा कडक माणूस की दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तर त्या दुकानात सामान घेत नसत. "यांना दीर्घ वेलांटी परवडत नाही, ताजं खोबरं कुठून परवडणार?" म्हणायच्या. अनेकवचन शिकवायची त्यांची रीत पोरांना पाठ होती. "मुलाला हा एकटा आहे, बोडका फिरला तरी चालेल. मुलांना म्हणजे चारचौघं आली. चारचौघांत डोक्यावर टोपी हवी." आणि मग खडू फळ्यावर टक्कन टेकवून टिंब द्यायच्या. ते टक्‌ रेकॉर्डिंगमध्येही ऐकू यायचं.

दशरथच्या बोलण्याचाही त्या हिशेब ठेवत. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी पाणी मागितलं. तो म्हणाला, "आणतो पानी, मॅडम."

"पानी घोड्याला दाखवा. मला पाणी हवंय."

क्लास हसला. तेजस सर, म्हणजे मालकांचे चिरंजीव, जरा जास्तच हसले. दशरथने पाणी आणून ठेवलं. त्या दिवशी तो जेवलाही नाही नीट.

आणि नेमकं त्याच दिवशी तेजस सरांनी त्याला ते काम दिलं होतं. "रामटेके, लिसन. गावाकडून कम्प्लेंट्स येतायत, व्हिडिओ अटकतो. एक प्रॉपर कम्पॅरिझन करा. बेस्ट फॉरमॅट काढा. डोंगलवर मख्खन चालला पाहिजे."

दशरथने बाईंचा एक धडा घेतला आणि तो तीन तऱ्हांनी दाबला. दाबणाऱ्या सगळ्या पद्धतींचं मूळ एकच. मागच्या चित्रात जे होतं तेच पुढच्यातही असेल तर ते पुन्हा पाठवायचं नाही. भिंत एकदा पाठवली, फळा एकदा पाठवला, झालं; नंतर फक्त हलणारे ओठ आणि हात. तेवढ्यानेही भागलं नाही, तर जे बारीक आहे, ज्यावाचून बघणाऱ्याचं अडणार नाही असं यंत्राला वाटतं, ते टाकून द्यायचं. पद्धतीपद्धतीत फरक एवढाच, की काय टाकायचं आणि किती सफाईने.

जुन्या फ्लॅशच्या पद्धतीत ती सफाई नव्हती. बाई वळल्या की त्यांच्या तोंडाचे चौकोन पडायचे, ठिगळं लावलेल्या गोधडीसारखे. वेबएम म्हणून एक नवी, फुकटातली निघाली होती. तिच्यात चित्र बरं यायचं, पण एका धड्यात क्लासचा कॉम्प्युटर तव्यासारखा तापायचा आणि गावाकडच्या सायबर कॅफेंतल्या जुन्या मशीनवर ती उघडायचीच नाही. तिसरी एच-२६४. ती लोण्यासारखी. तेवढ्याच जागेत चेहरा गुळगुळीत, पदराचा काठ जागच्या जागी, आणि जवळजवळ कुठेही चालणारी.

तरी फाइल थोडी मोठीच राहत होती. दशरथने कारण शोधलं. खडूची धूळ. फळा कितीही पुसा, बाई लिहायला लागल्या की पांढरे कण उडायचे, आणि यंत्र बिचारं प्रत्येक कण हलणारी महत्त्वाची वस्तू समजून पाठवत बसायचं. मग दशरथने दाबण्याआधी एक चाळणी लावली. बारीक ठिपके दिसले की पुसून टाक, असं सांगणारी. फाइल एकदम निम्म्यावर आली. त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. काचेच्या इमारतीत बसलेल्यांनी तरी याहून वेगळं काय केलं असतं?

मग त्याने फळ्याकडे बघितलं.

फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं: शिक्षकांनी मुलांना सांगितले. पडद्यावर दिसत होतं: शिक्षकानी मुलाना सागितले. चाळणीने धुळीबरोबर टिंबंही नेली होती. यंत्राच्या लेखी खडूचा कण आणि खडूचा अनुस्वार एकच. काने, मात्रा, वेलांट्या लांबट, त्या वाचल्या. टिंब तेवढं गेलं. आणि मराठीत जी चूक अर्धवट शिकलेला माणूस हमखास करतो, अनेकवचनाला बोडकं ठेवण्याची, नेमकी तीच बाईंच्या नावावर चढली.

त्याने तेजस सरांना सांगितलं. म्हणजे, सांगितलं असं म्हणता येईल इतपत सांगितलं. "सर, टिंबं जरा कमी दिसतात."

तेजस सर पडद्याकडे बघत होते. बाईंचा चेहरा, कपाळावरचं ठसठशीत कुंकू. "अरे, कुंकूसुद्धा क्लिअर आहे! टिंब कोण बघतं यार? कॉन्टेक्स्टने कळतं. चढवून टाका."

दशरथ दुसऱ्यांदा बोलू शकला असता. चाळणी हलकी करून बघू शकला असता. फाइल थोडी वाढली असती, इतकंच. पण सकाळचं ते 'पानी' अजून घशात होतं. त्याला वाटलं, बघू दे बाईला जरा, टिंब गेलं तर काय बिघडते थे. त्याने धडा चढवला. मग दुसरा, तिसरा, आणि मग मराठीचे सगळेच धडे. एक धडा चढला की मूळ चित्रीकरण पुसायचं आणि पुढच्याला जागा करायची, हा क्लासचा नियम. पुसण्याचं कामही त्याचंच.

डिसेंबरात पोरांची टोमणेबाजी सुरू झाली. व्हिडिओखाली कुणी कोपरगावहून, कुणी उमरखेडहून लिहीत होतं. 'मॅडम, आधी स्वतः अनुस्वार शिका, मग आम्हाला टोप्या घाला.' 'आमच्या तिसरीतल्या भाच्याचं शुद्धलेखन बरं.' एकाने तर पडद्याचा फोटो काढून चुकांना लाल गोल केले होते. त्यावर हसणाऱ्यांची रांग. बाईंच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. तेजस सरांनीच त्यांना केबिनमध्ये बसवून ते सगळं दाखवलं.

बाई भांडतील असं दशरथला वाटलं होतं. कुणाची टाप आहे माझ्या अनुस्वाराला बोलायची, असं काहीतरी. त्या शांतपणे उठून त्याच्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रामटेके, मी टिंबं देते ना हो? तुम्ही समोर असता. देते ना?"

"देता ना, मॅडम."

"मग दिसत का नाहीत?"

तेव्हा तरी सांगायचं. पण तेजस सर दारात उभे होते. दशरथ म्हणाला, "व्हिडिओत काही काही होतं." मुलगा खोटं बोलतोय हे ओळखणाऱ्या शिक्षिकेने बघावं, तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं. फक्त खोटं कोणतं, ते त्यांनी चुकीचं ओळखलं; त्यांना 'देता ना' हेच खोटं वाटलं.

त्या दिवसानंतर बाई फळ्यावर प्रत्येक ओळ लिहून झाली की मागे सरकून बघू लागल्या. टिंबं मोजू लागल्या. बोलताना मध्येच थांबू लागल्या. त्यांच्या आईची गोष्ट क्लासात थोडीफार ठाऊक होती. शेवटी शेवटी ती माउली लेकीचं नावही विसरली होती. आता बाईंना वाटत होतं, आपली पाळी आली.

दशरथने हिय्या करून तेजस सरांना गाठलं. "सर, ते धडे काढून टाकू. नव्याने घेऊ. चाळणी मी हलकी करतो."

"काढून? रामटेके, सगळ्यात जास्त तेच चालतायत. लोक शिव्या द्यायला येतात आणि ॲडमिशन घेऊन जातात." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बाईंचं वय झालंय. पायल येणार आहे नवीन. स्क्रीनवर टाइप केलेल्या स्लाइड्स, फळाच नको. मी बाईंना म्हटलंय, रेस्ट घ्या. त्या विचार करून सांगणार आहेत."

"पण सर, चूक त्यांची नाही."

"मग कुणाची, तुमची? तसं लिहून लावू का नोटीस बोर्डावर?"

काल संध्याकाळी हडपसरच्या खोलीत ताटातला भात निवत बसला तेव्हा नंदाने, त्याच्या बायकोने, सगळं काढून घेतलं. ती ऐकत गेली, आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"अवो, मंग सांगून काऊन नाही देत बाईले?"

"नोकरी जाईन."

"नोकरी गेली तं दुसरी पाहू. त्या बाईचं डोकस्कं जाऊन राह्यलं ना! तिले वाटते का आपनच भुललो."

"तिनं मले चारचौघांत पानीवरून—"

"पानीवरून!" नंदा उठून उभी राहिली. "लय मोठा अपमान झाला. आता भरपाई झाली का? का अजून काही काढून घेता तिचं?"

त्याने निवलेला भात झाकून ठेवला. 

फळा पुसून झाला तशा पायऱ्यांवर चपला वाजल्या. बाई आल्या. मफलर, हातात रिकामी पिशवी.

"दिवे लावू नका, रामटेके. शिकवायला नाही आले. माझा खडूंचा डबा न्यायचाय."

"मॅडम, दोन मिनिटं." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "टिंबं तुम्ही दिली होती. सगळी. ती मी काढली."

"तुम्ही काढलीत."

"म्हणजे मशीननं. पण धूळ काढ म्हणून तिला मी सांगितलं. तिला धूळ आणि टिंब सारखंच."

"आणि हे आपल्याला कधी कळलं?"

"दिवाळीनंतर. पहिल्याच धड्यात."

"मग तोंड का नाही उघडलंत?"

"त्याच दिवशी तुम्ही मला ते पानी..."

बाई हसल्या. खूप दिवसांनी. "म्हणजे एका ण-चा सूड सगळ्या अनुस्वारांवर! बरं जमवलंत." मग हसू ओसरलं. "नाही हो. माणूस चांगले आहात. म्हातारीची समजूत काढायला स्वतःवर आळ घेताय. माझ्या आईच्या आमटीत मीठ नसलं की मीही असंच म्हणायचे, तू नाही विसरलीस, मीच कमी टाक म्हटलं होतं. ती पण मान हलवायची."

"खोटं नाही, मॅडम! पूर्ण खरं आहे. तुम्ही आत्ता लिहा. मी उतरवतो, दाबतो, तुमच्यासमोर. मग बघा."

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं. मग एक खडू काढला. त्यांनी मफलर सोडला, पदर खोचला आणि लिहिलं: गावकऱ्यांनी पाहुण्यांना अंगणात खुर्च्या मांडून दिल्या. म्हणजे लिहिताना तोंडाने तरी त्या हेच वाक्य म्हणत होत्या. खडू टक्‌, टक्‌, टक्‌ वाजला.

दशरथने ते कॅमेऱ्यात घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं, चाळणी लावली, दाबलं. घाईत त्याने पडद्याकडेच बघितलं, फळ्याकडे नाही.

"बघा!" तो जवळजवळ ओरडला. "गावकऱ्यानी पाहुण्याना अगणात. आणि हे माडून. एक तरी टिंब आहे का? सगळी खाल्ली!"

बाई पडद्याजवळ वाकल्या. चेहऱ्यावर रंग आला. वर्गात मोठ्या पोराची चोरी पकडल्यावर यायचा तसा. "अरे गुलामा," त्या पुटपुटल्या. "अरे, हे तर खरंच..." हातातला खडू घेऊन त्या फळ्याकडे वळल्या आणि त्याच्या टोकाने एकेक टिंब मोजू लागल्या. गावकऱ्यांनी, आहे. पुढच्या शब्दावर खडू थांबला.

फळ्यावर 'पाहुण्याना' होतं. बोडकं.

दशरथलाही ते तेव्हाच दिसलं. खाली आळीत कुणीतरी शटर उचललं.

"ह्ये कुनी खाल्लं?" बाई म्हणाल्या.

दशरथने वळून पाहिलं. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. बाई मूळच्या फुरसुंगीच्या, हे त्याला इथेच कुणाकडून तरी कळलं होतं. डी.एड.ला पहिल्यांदा शहरात आल्या तेव्हा 'हाय-न्हाय' बोलायच्या, आणि पेठेतल्या मुली त्यांना बघून इंग्रजीतलं 'हाय' करत हात हलवायच्या. ते बोलणं त्यांनी खरवडून खरवडून काढलं होतं. आयुष्यभर. एकेका ण-साठी, एकेका टिंबासाठी.

"मॅडम, घाईत कुणाचंही होतं."

"कुनाचंबी व्हतं. माझं न्हाय व्हत." त्यांनी खडू डब्यात ठेवला. झाकण लावलं. "ह्ये माझंच हाय, दशरथ. तुझ्या मशीनचं न्हाय."

"बाकीची तर मशीननंच—"

"आसंल. आता कसं कळायचं, कोनचं कुनाचं?"

मूळ चित्रीकरणं त्याने पुसली होती.

बाईंनी डबा पिशवीत घातला, मफलर बांधला. दारापाशी थांबून त्यांनी घसा साफ केला, आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात, एकेक अक्षर तासून म्हणाल्या, "तेजसना सांगा, जगतापबाईंनी विश्रांती घेतली. विश्रांतीवर एकच अनुस्वार असतो. त्यांना तेवढं तरी बिनचूक लिहिता येईल."

चपला पायऱ्या उतरत गेल्या. तांबट आळीत पहिला हातोडा पडला, मग दुसरा, मग सगळेच. दशरथने फळ्याच्या पट्टीवरून एक तुकडा उचलला, 'पाहुण्याना'च्या डोक्यापाशी नेला, आणि तसाच परत ठेवला. मग त्याने बादलीतलं पांढुरकं पाणी मोरीत ओतलं, नळाखाली बादली पुन्हा भरली, फडकं बुडवून पिळलं, आणि डाव्या कोपऱ्यापासून फळा पुसायला घेतला.